मीठ वर जात नाही

इथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण ऊर्ध्वपातनाच्या कितीही उंच कॉलममध्ये चढवा, वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांना गाडी अडते. वातावरणाच्या दाबाला ७८.२ अंश सेल्सिअसवर उकळता द्रव आणि त्यातून निघणारी वाफ यांची घडण एकच होते, आणि मग वरचा ट्रे खालच्या ट्रेपेक्षा वेगळे काहीच करू शकत नाही. पाठ्यपुस्तकात याला स्थिरक्वथनी मिश्रण म्हणतात, कारखान्यात सरळ अ‍ॅझिओट्रोप. आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए पाण्याबरोबर ८७-८८ टक्क्यांना अडकते, अ‍ॅसिटोनायट्राइल ८४ च्या आसपास, टेट्राहायड्रोफ्युरान म्हणजे टीएचएफ ९५ ला. अ‍ॅसिटोन आणि मिथेनॉल तर पाणी नसतानाही एकमेकांना सोडत नाहीत.

या अडणीवर रसायन अभियंत्यांनी अनेक तोडगे काढले. तिसरा द्रव घालायचा, दाब बदलायचा, पडद्यातून गाळायचे, चाळणीसारख्या सच्छिद्र खनिजात पाणी अडकवायचे. या सगळ्यांपेक्षा जुना आणि स्वस्त तोडगा म्हणजे द्रवात क्षार विरघळवणे. तो इतका स्वस्त आणि परिणामकारक असूनही कारखान्यांत इतका विरळ का दिसतो, हा या आढाव्याचा मुख्य प्रश्न आहे. माझे उत्तर एका वाक्यात मावते: क्षार वाफेबरोबर वर जात नाही, हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आणि हीच त्याची सर्वांत मोठी अडचण. कॉलमच्या शेंड्याला काय निघाले यावर आजवर भरपूर लिहिले गेले. या पद्धतीचे भवितव्य मात्र प्रत्येक वेळी कॉलमच्या तळाशी ठरले.

आधी परिणाम डोळ्यांनी पाहू. काचेच्या उंच मोजपात्रात ७० टक्क्यांचे आयपीए घ्या. द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्यात साधे मीठ चमच्याचमच्याने घालून, बूच लावून हलवत राहा. पहिले काही चमचे गुपचूप विरघळतात. मग एका क्षणी द्रव गढुळतो, त्यात बारीक थेंब तरंगू लागतात आणि पात्र स्थिर ठेवले की दोनचार मिनिटांत मधोमध एक स्पष्ट रेषा उमटते. वर हलका, अल्कोहोलचा थर. खाली जड, खारट पाण्याचा. हा थर पाडायला उष्णता लागली नाही, वाफही लागली नाही. हाच प्रयोग इथेनॉलवर केला तर साधे मीठ पुरत नाही, पोटॅशियम कार्बोनेट लागते. मिथेनॉल त्यालाही सहजासहजी दाद देत नाही. पाण्याशी ज्याची सलगी जास्त, त्याला वेगळे काढायला क्षारही तेवढाच जबर लागतो.

कारण आयनांच्या वागण्यात आहे. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमसारखे विद्युतभारित कण पाण्याचे रेणू स्वतःभोवती घट्ट ओढून धरतात. जे पाणी आयनांच्या दिमतीला गेले ते अल्कोहोलच्या वाट्याला उरत नाही, आणि अल्कोहोल द्रवात उपरे होते. थंड द्रवात ते वेगळा थर करून बाजूला होते. उकळत्या द्रवात ते वाफेत अधिक जाते आणि पाणी मागे राहते. थर पाडणे आणि बाष्पशीलता वाढवणे ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत, आणि पुढच्या सगळ्या पद्धती यांपैकी एकावर किंवा दोन्हींवर उभ्या आहेत.

या घटनेचा शास्त्रीय पाया ज्यांनी घातला ते दोघे ऊर्ध्वपातनाचे लोक नव्हते. प्रागमध्ये फ्रान्त्स होफमाइस्टर अंड्यातील प्रथिने कोणत्या क्षाराने किती लवकर साक्यासारखी खाली बसतात हे पाहत होता. १८८८ मध्ये त्याने लावलेला क्षारांचा क्रम आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान सेचेनोव्ह रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा माग घेत क्षारांच्या द्रावणांपर्यंत आला. वायूची विद्राव्यता क्षाराच्या तीव्रतेबरोबर लॉगॅरिदमच्या नियमाने घटते, हे त्याने १८८९ मध्ये मांडले. उकळत्या मिश्रणांना तसाच नियम लागू पडतो हे दाखवायला १९६० उजाडले. कॅनडातील जॉन्सन आणि विल्यम फर्टर यांनी सांगितले की क्षारासह आणि क्षाराविना मिळणाऱ्या सापेक्ष बाष्पशीलतेच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम क्षाराच्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत वाढतो. समीकरण ढोबळ आहे, अपवादही पुष्कळ आहेत, पण पहिला अंदाज बांधायला अभियंत्याला अजूनही तेच हाती येते.

मात्र क्षार कोणाच्या बाजूने उभा राहील हे गृहीत धरता येत नाही. मर्क्युरिक क्लोराइड पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त विरघळते. ते घातले तर परिणाम उलटतो, अल्कोहोल द्रवात रेंगाळते. अ‍ॅसिटोन आणि मिथेनॉल यांच्या जोडीत लिथियम ब्रोमाइड किंवा कॅल्शियम क्लोराइड मिथेनॉलला धरून ठेवते आणि अ‍ॅसिटोन मोकळे होऊन वर जाते. इथे पाण्याचा संबंधच नाही. कॅल्शियम क्लोराइडचे इथेनॉलशीही सख्य आहे, दोघांचे संयुग बनते. म्हणून प्रयोगशाळेत अल्कोहोल कोरडे करायला ते वापरू नये असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते. तरीही पाणी हजर असताना त्याचा ओढा पाण्याकडे इतका जास्त असतो की उकळत्या मिश्रणात ते इथेनॉलचा अ‍ॅझिओट्रोप मोडते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नुसत्या विद्राव्यतेच्या तक्त्यावरून क्षार निवडणाऱ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

कारखान्यांच्या इतिहासात शिरण्याआधी एक धावता उल्लेख. क्षाराने अल्कोहोल कोरडे करण्याची युक्ती किमयागारांच्या काळापासून चालत आली आहे. १७९६ मध्ये टोबियास लोवित्सने कोरड्या अल्कलीवरून अल्कोहोल मंद आचेवर उतरवून ते जवळपास निर्जल मिळवले. १९०२ मध्ये सिडनी यंगने बेंझीन घालून तेच साधले, आणि उद्योग बेंझीनच्या मागे गेला. बेंझीनचे दुष्परिणाम उघड झाल्यावर त्याची जागा सायक्लोहेक्झेनने घेतली.

तरी मधल्या काळात क्षारांनीही एक मोठी खेळी खेळली. जर्मनीत हियाग या कंपनीने आडोल्फ गोरहानच्या पेटंटांवर आधारलेली पद्धत उभी केली. त्यात ७० भाग पोटॅशियम अ‍ॅसिटेट आणि ३० भाग सोडियम अ‍ॅसिटेट असे मिश्रण वापरत. हे मिश्रण एकेकट्या क्षारापेक्षा कमी तापमानाला वितळते, म्हणून हाताळायला सोपे. ते कॉलमच्या माथ्यावर परतणाऱ्या द्रवात, म्हणजे रिफ्लक्समध्ये, विरघळवून सोडायचे. खाली उतरता उतरता ते प्रत्येक ट्रेवर पाणी धरून ठेवते. माथ्यावरून ९९.८ टक्के शुद्धतेचे अल्कोहोल निघे आणि त्यात क्षाराचा कण नसे, कारण क्षाराला वाफ होता येत नाही. ग्लायकॉलसारखा द्रव वापरला तर तो थोडाफार वाफेबरोबर वर येतो आणि त्याला अडवायला माथ्याशी आणखी काही ट्रे ठेवावे लागतात. इथे तो खर्चच नाही. १९३० ते १९५० या काळात अशी जवळपास शंभर संयंत्रे उभी राहिली. त्यांतले शेवटचे ब्राझीलमध्ये १९६५ साली बंद पडले.

इतकी गुणी पद्धत मागे का पडली? तळाशी उतरलेल्या द्रवात सगळा क्षार आणि सगळे पाणी असते. ते पाणी उडवून क्षार पुन्हा कोरडा किंवा वितळलेला करायचा, तो माथ्यापर्यंत न्यायचा, ठरल्या गतीने विरघळवायचा, आणि हे अहोरात्र चालवायचे. घन पदार्थ पंपाने उचलता येत नाही. नळीत तो थिजला तर संयंत्र थांबते. पेट्रोलियमचे द्रव मुबलक आणि स्वस्त झाल्यावर हा व्याप कोणालाच हवा नव्हता. पुढे रेणवीय चाळण्या आल्या आणि इथेनॉलपुरता प्रश्नच मिटला. तीन अँगस्ट्रॉमच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्या पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जे निर्जल इथेनॉल काढतात ते आता मुख्यतः याच चाळण्यांतून येते. तिथे क्षार परत येईल असे मला वाटत नाही आणि यावेही असे नाही.

क्षाराने पक्के पाय रोवले ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते उदाहरण मला या विषयातले सर्वांत शिकवणारे वाटते. नायट्रिक आम्ल पाण्याबरोबर ६८ टक्क्यांना अडते. शुद्ध आम्ल ८३ अंशांना उकळते, पाणी १०० ला, आणि त्यांचे हे मिश्रण दोघांच्याही वर, सुमारे १२१ अंशांना. स्फोटके, रंग आणि औषधे यांच्या नायट्रेशनसाठी ९८ टक्क्यांच्या वरचे आम्ल लागते. पूर्वी त्यासाठी सल्फ्युरिक आम्ल वापरत. ते पाणी ओढून घेई, पण मग ते पातळ झालेले सल्फ्युरिक आम्ल पुन्हा आटवणे हे त्रासाचे आणि धुराचे काम होऊन बसे. अमेरिकेत हर्क्युलिस कंपनीने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याऐवजी मॅग्नेशियम नायट्रेट आणले.

त्यांनी क्षार घन स्वरूपात ठेवलाच नाही. सुमारे ७२ टक्क्यांचे दाट, गरम द्रावण कॉलममध्ये सोडले. त्याने आम्लातले पाणी धरले, माथ्यावरून तीव्र आम्लाची वाफ निघाली आणि तळाशी थोडे पातळ झालेले द्रावण उतरले. ते निर्वात बाष्पकात तेवढेच पाणी उडवून पुन्हा ७२ वर आणायचे आणि परत वर पाठवायचे. क्षार कधी कोरडा होत नाही, सदैव द्रवच राहतो, पंपाने फिरतो. थंड झाला तर मात्र घट्ट होऊन बसतो, म्हणून प्रत्येक नळी, प्रत्येक झडप गरम ठेवावी लागते. दुसरी गोष्ट आणखी मोलाची. क्षारातला ऋण आयन नायट्रेट आहे आणि आम्लातलाही नायट्रेटच. त्यामुळे परका ऋण आयन आत शिरत नाही आणि वाफेत जाऊ शकेल असे दुसरे आम्ल तयार होत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लासाठी हाच विचार कॅल्शियम क्लोराइडने राबवतात. ते आम्ल २०.२ टक्क्यांना आणि १०८.६ अंशांना अडते. क्लोराइडमध्ये क्लोराइड घातले की अडण सुटते आणि कोरडा वायू वेगळा काढता येतो. हियागची पद्धत मागे पडली, नायट्रेटची टिकली. माझ्या मते यातला निर्णायक फरक क्षार परत आणण्याच्या वाटेचा होता.

फर्टर यांनी किंग्स्टनच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात या विषयाला आपली कारकीर्द वाहिली. कुक यांच्यासह १९६७ मध्ये त्यांनी लिहिलेला आढावा पुढच्या संशोधकांचा आधार ठरला. विद्राव्य क्षाराचे अगदी थोडे प्रमाणही अ‍ॅझिओट्रोप मोडू शकते, द्रव माध्यम मात्र फीडच्या, म्हणजे आत सोडलेल्या मिश्रणाच्या, कितीतरी पट फिरवावे लागते, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. उद्योगाने तरी पाठ फिरवली, आणि त्याला कारणेही होती. माथ्याकडे अल्कोहोल जवळपास शुद्ध असते आणि तिथेच क्षार सर्वांत कमी विरघळतो. त्यामुळे नेमका जिथे तो हवा तिथे ट्रेवर स्फटिक बसण्याची भीती असते. तळाशी क्षारामुळे उत्कलनबिंदू चढतो आणि द्रव उकळणाऱ्या रिबॉयलरला जास्त दाबाची वाफ लागते. फेस येतो. क्लोराइड असेल तर गरम, ओलसर आणि ताणाखाली असलेल्या ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस स्टीलला बारीक भेगा पडतात आणि त्या बाहेरून दिसतही नाहीत.

आता आपल्याकडे वळू. तारापूर, अंबरनाथ, कुरकुंभ, महाड, लोटे या पट्ट्यांत औषधांचे घटक बनवणारे लहानमोठे कारखाने आहेत. सेंट्रिफ्यूजमधून स्फटिक निघाले की मागे उरणारे मदर लिकर म्हणजे पाणी, आयपीए किंवा टीएचएफ, थोडे टोल्युइन आणि उरलेसुरले सेंद्रिय पदार्थ यांचा काला असतो. इथे इथेनॉलसारखा एकच प्रवाह वर्षभर वाहत नाही. या महिन्यात एक उत्पादन, पुढच्या महिन्यात दुसरे. अशा जागी महागडी रेणवीय चाळणी मळाने लवकर निकामी होऊ शकते, आणि क्षाराची साधी, थंड, थर पाडणारी पद्धत खऱ्या अर्थाने उपयोगी ठरते.

एक ढोबळ हिशेब मांडतो. १००० किलो फीडमध्ये ७०० किलो आयपीए आणि ३०० किलो पाणी आहे असे धरू. नुसते ऊर्ध्वपातन केले तर रिफ्लक्स शून्य धरूनही ७०० किलो आयपीएची वाफ करायला सुमारे ४६५ मेगाज्यूल लागतात. प्रत्यक्षात रिफ्लक्समुळे त्याच्या दुप्पट तरी जातात, आणि एवढे करून हाती येते ते ८७-८८ टक्क्यांचेच. आता क्षाराने २०० किलो पाणी खालच्या थरात ओढले असे समजा. संपृक्त द्रावणाला १०० किलो पाण्यामागे ३६ किलो या दराने ७२ किलो साधे मीठ लागेल. ते मीठ परत मिळवायला २०० किलो पाणी उडवावे लागते, त्याला सुमारे ४५० मेगाज्यूल. आकडे वरवर सारखेच दिसतात, पण पाणी तीन टप्प्यांच्या बाष्पकात उडवले तर एकाच वाफेकडून तीनदा काम घेता येते आणि खर्च तिसऱ्या हिश्श्याजवळ येतो. शिवाय कॉलमला जाणारा वरचा थर मुळातच कमी पाण्याचा असतो. पोटॅशियम कार्बोनेट वापरले तर १०० किलो पाण्याला ११० किलोच्या वर क्षार लागेल, पण थर जास्त कोरडा निघेल. पुरेसा सुका क्षार असेल तर आयपीएची अडण कॉलमआधीच ओलांडता येते.

या हिशेबात एक अट दडलेली आहे: क्षार परत मिळवला पाहिजे. प्रत्यक्षात अनेकदा तसे होत नाही. कॉस्टिक सोड्याच्या पापड्या किंवा मीठ पिंपात ओतायचे, खालचा थर सोडून द्यायचा आणि तो ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे, ढकलायचा, ही सवय रुळलेली दिसते. तो थर म्हणजे हाय टीडीएसचे, विरघळलेल्या क्षारांनी भरलेले पाणी, वर त्यात विरघळलेला सॉल्व्हंट. जैविक प्रक्रियेतले जंतू अशा खाऱ्या पाण्यात मरतात. म्हणून ते बाष्पकात आटवावे लागते आणि उरलेला रंगीत, दुर्गंधीयुक्त क्षार पोत्यांत भरून तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात धाडावा लागतो. म्हणजे पाणी उडवायचा खर्च झालाच, फक्त क्षार वाया गेला आणि पुढच्या बॅचला नवा घेतला. सॉल्व्हंट वाचवल्याचे समाधान आणि क्षाराचा कचरा वेगवेगळ्या खात्यांत मांडले जातात, म्हणून हा तोटा कोणाच्या नजरेत भरत नाही. मला हे मनापासून खटकते, कारण दोष पद्धतीचा नसून अर्धवट राबवण्याचा आहे. खालच्या थरातला सॉल्व्हंट आधी वाफेने काढून घ्यावा, मग पाणी उडवून दाट केलेले तेच क्षारजल पुढच्या बॅचला वापरावे. नायट्रिक आम्लाच्या संयंत्राने हे कधीच करून दाखवले आहे.

कोणत्या सॉल्व्हंटला कोणता क्षार चालत नाही हेही सांगायला हवे. टीएचएफला कॉस्टिक चालते, पण कोरडे झालेले टीएचएफ हवेत पेरॉक्साइड धरते, त्यामुळे ते तपासल्याशिवाय उकळायला घेऊ नये. अ‍ॅसिटोनायट्राइलचे कॉस्टिकमध्ये विघटन होऊन अ‍ॅसिटामाइड आणि अमोनिया बनतात. त्याला साधे मीठ आणि थंडावा पुरतो. कीटकनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळांत २००३ पासून रुळलेली क्वेचर्स पद्धत हेच करते: १० ग्रॅम भाजी, १० मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ. इथाइल अ‍ॅसिटेटला कॉस्टिक लावले की ते फुटून अ‍ॅसिटेट आणि इथेनॉल होते. आणि ज्या पिंपात अ‍ॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकत्र आले आहेत त्यात अल्कली कधीही टाकू नये, ती प्रक्रिया स्फोटापर्यंत जाऊ शकते. मिश्र सॉल्व्हंटच्या पिंपावर नीट लेबल नसते, म्हणून हा धोका पुस्तकी नाही.

क्षारांच्या या कुळात मुंबईनेही भर घातली आहे. माटुंग्याच्या यूडीसीटीमध्ये, म्हणजे आजच्या आयसीटीमध्ये, प्रा. मनमोहन शर्मा आणि प्रा. व्ही. जी. गायकर यांनी १९८० च्या दशकात जवळच्या उत्कलनबिंदूंच्या समघटकांवर काम केले. मेटा-क्रेसॉल २०२.२ अंशांना उकळते आणि पॅरा-क्रेसॉल २०१.९ ला. असल्या जोडीपुढे ऊर्ध्वपातन हतबल होते. दोघांच्या आम्लतेत मात्र किंचित फरक आहे. अल्कली तुटपुंजी दिली तर जास्त आम्लधर्मी घटक ती आधी पटकावतो, स्वतःच क्षार होऊन पाण्यात जातो. दुसऱ्या मार्गात सुगंधी सल्फोनिक आम्लांचे सोडियम क्षार पाण्यात दाटपणे विरघळवतात. अशा द्रावणात एक समघटक दुसऱ्यापेक्षा अधिक विरघळतो आणि नुसते पाणी वाढवले की पुन्हा बाहेर पडतो. किती सुंदर युक्ती! पण वाढवलेले ते पाणी पुन्हा उडवायचे असतेच.

क्षार परत आणण्याच्या अडचणीवर संशोधकांनी अलीकडे दोन बाजूंनी हात घातला आहे. एक म्हणजे क्षार ग्लायकॉलमध्ये विरघळवून वापरायचा. घन पदार्थ फिरवावा लागत नाही, आणि क्षारामुळे ग्लायकॉलही कमी लागते. चीनमध्ये पोटॅशियम अ‍ॅसिटेट आणि कॅल्शियम क्लोराइड घेऊन यावर बरेच काम झाले. मला हा मध्यममार्ग व्यवहाराला सर्वांत जवळचा वाटतो. दुसरे म्हणजे आयनिक द्रव, शंभर अंशांखालीच वितळलेले राहणारे क्षार. बर्लिनच्या वोल्फगांग आर्ल्ट यांच्या गटाने २००० च्या सुमारास ते अ‍ॅझिओट्रोप मोडायला पुढे आणले. त्यांची वाफ होत नाही आणि ते पंपाने फिरतात, म्हणजे हियागचे स्वप्न कागदावर पुरे होते. व्यवहारात ते दाट असतात, महाग असतात, आणि टेट्राफ्लुओरोबोरेटसारखा ऋण आयन असेल तर गरम पाण्यात फुटून हायड्रोजन फ्लोराइड सोडतात. लेस्टरच्या अँड्र्यू अ‍ॅबट यांनी २००३ मध्ये दाखवलेले कोलीन क्लोराइड आणि युरियाचे १२ अंशांनाच वितळणारे मिश्रण स्वस्त आहे, पण युरिया जास्त उष्णता सोसत नाही.

गणिताच्या बाजूने परिस्थिती पूर्वीपेक्षा खूप बरी आहे. १९८० च्या दशकात चौ-च्युन चेन आणि सहकाऱ्यांनी आयनांसाठी वाढवलेले द्रव मिश्रणांचे एनआरटीएल समीकरण आज प्रक्रिया-सॉफ्टवेअरमध्ये रुळले आहे. त्याला आकडे मात्र प्रयोगातूनच द्यावे लागतात, आणि प्रसिद्ध झालेले बहुतेक आकडे शुद्ध सॉल्व्हंट, शुद्ध पाणी आणि ताजा क्षार यांचे असतात. मदर लिकरमध्ये यांतले काहीच शुद्ध नसते. तेव्हा नवे संयंत्र आखणाऱ्याने ताज्या क्षारावरच्या पहिल्या चाचणीवर विसंबू नये. तेच क्षारजल पुनःपुन्हा वापरून पाचव्या आणि दहाव्या फेरीला थर पडायला किती वेळ लागतो, मधल्या रेषेवर तपकिरी चिखल साचतो का, वरच्या थरात किती पाणी उरते आणि क्षारजलात सेंद्रिय मळ किती वाढला, हे मोजून घ्यावे. त्यावरूनच प्रत्येक फेरीला किती क्षारजल बाहेर काढून बदलायचे ते ठरते, आणि बाष्पकाचा आकार त्या आकड्यावर बेतायचा असतो.